छोट्या, शांत कॅबिनेटमध्ये पीसी हलवताना या चुका टाळा

पीसी तोच, फक्त कॅबिनेट नवं. ऐकायला हे रविवार दुपारचं दोन तासांचं काम वाटतं. मोठ्या कॅबिनेटमध्ये केबल कशीही कोंबली, पंखा कुठल्याही तोंडाने लावला तरी मशीन चालून जातं. पंधरा-अठरा लिटर आकारमानाच्या कॅबिनेटमध्ये मिलिमीटरचा हिशोब लागतो, आणि नागपुरात त्या हिशोबात मे महिनाही धरावा लागतो. खालच्या बहुतेक चुका घाईतून होतात. पहिली चूक तर डेटा घेऊन जाते, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर.

नव्या एसएमपीएसला जुन्या केबल

मोठ्या कॅबिनेटमधला एटीएक्स मापाचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) १५० मिमी रुंद आणि ८६ मिमी उंच असतो. छोट्या कॅबिनेटला बहुधा एसएफएक्स लागतो : १२५ मिमी रुंद, ६३.५ मिमी उंच, १०० मिमी खोल. म्हणजे कॅबिनेटबरोबर एसएमपीएसही बदलतो. दोन्ही मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या निघणारे, दोन्हींची सॉकेटं दिसायला सारखी, आणि जुनी केबल नव्यात खट्‌कन बसते. घात तिथेच होतो. केबलचं मदरबोर्डकडचं आणि डिस्ककडचं टोक ठरलेल्या प्रमाणाचं असतं; एसएमपीएसकडच्या टोकाला प्रमाणच नाही. कुठल्या पिनवर १२ व्होल्ट आणि कुठल्या पिनवर ५ व्होल्ट हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही ते वेगळं निघू शकतं.

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या इथल्याच एका तरुणाच्या मशीनचं काय झालं ते पाहा. २४ पिनची, प्रोसेसरची आणि ग्राफिक्स कार्डची केबल त्याने नवी लावली. दोन्ही डिस्कना वीज देणाऱ्या साटा केबल मात्र झिप-टायने छान बांधलेल्या होत्या, त्या कशाला सोडायच्या म्हणून तशाच नव्या एसएमपीएसमध्ये खोचल्या. बटण दाबलं. पंखे अर्धा फेरा फिरले आणि थांबले. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. पाच-सहा वेळा झाल्यावर जळका वास आला.

५ व्होल्टच्या तारेतून १२ व्होल्ट गेले होते. साटा एसएसडी जागेवरच संपली. ४ टीबी हार्ड डिस्कच्या सर्किटवरचा टीव्हीएस डायोड शॉर्ट झाला होता. तो असतोच त्यासाठी : जादा व्होल्टेज आलं की स्वतः शॉर्ट होतो, एसएमपीएसला शॉर्ट कळतो, तो बंद पडतो आणि मागचं सर्किट वाचतं. पहिल्याच झटक्याला हात थांबला असता, तर एखाद्या जाणकाराने डायोड काढून डेटा उतरवून दिला असता. पुन्हा पुन्हा दाबल्याने मोटर चालवणारी चिपही गेली. मग कुणी सुचवलं की त्याच मॉडेलची डिस्क आणून सर्किट बदल. तेवढ्याने भागत नाही. सर्किटवरच्या रॉम चिपमध्ये त्या एकाच डिस्कची जुळणी साठवलेली असते. ती चिप उतरवून नव्या सर्किटवर बसवावी लागते, आणि हे घरच्या सोल्डरिंग गनचं काम नाही. तीन लग्नांचं शूटिंग त्या एकाच डिस्कवर होतं.

सवय अशी लावा : जुना एसएमपीएस निघाला की त्याची एकूण एक केबल त्याच्याबरोबर पिशवीत, पिशवीला गाठ. झिप-टाय कापायला हात आखडू नका. नव्या एसएमपीएसला काहीही जोडण्याआधी तो एकटा चालवून पाहा. २४ पिनच्या कनेक्टरमधली १६ क्रमांकाची पिन शेजारच्या १७ क्रमांकाच्या पिनशी तारेच्या तुकड्याने जोडली की तो सुरू होतो. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. साटा कनेक्टरच्या ७ ते ९ पिनांवर ५ व्होल्ट (४.७५ ते ५.२५) आणि १३ ते १५ वर १२ व्होल्ट (११.४ ते १२.६) यायला हवेत. पाच मिनिटांचं काम आहे. आणि पंखे अर्धा फेरा फिरून थांबले, तर दुसऱ्यांदा बटण दाबायचंच नाही. आधी मेन स्विच बंद, मग एकेक केबल काढून शोध.

थंड देशातल्या रिव्ह्यूवर विश्वास

रिव्ह्यूमध्ये लिहिलेलं असतं की फुल लोडवर प्रोसेसर ७६ अंश. ती चाचणी बहुधा २२ अंशांच्या खोलीत झालेली असते. खोलीचं तापमान जितकं वाढेल साधारण तितकंच आतलं वाढतं. मेमध्ये एसी नसलेली आपली खोली ३६ अंशांवर असली, तर तेच मशीन ९० वर जातं. मग पंखे पूर्ण वेगाने ओरडतात, आणि शांत म्हणून घेतलेलं कॅबिनेट घरातली सगळ्यात गोंगाटाची वस्तू होतं.

यावर लोक जो उपाय करतात तो सगळ्यात वाईट : आवाज अडवायला जाळीवर आतून फोम चिकटवणं. हवेची वाट अडली की पंख्याला तेवढ्याच थंडाव्यासाठी जास्त फिरावं लागतं, आणि आवाज उरलेल्या फटींतून बाहेर येतोच. पंख्याचा वेग निम्मा झाला की आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. म्हणून वेग उतरवायचा, आणि त्यासाठी मुळात उष्णताच कमी तयार व्हायला हवी.

एएमडीचा १०५ वॅट टीडीपीचा (कंपनीने छापलेला उष्णतेचा आकडा) रायझन प्रोसेसर बायोसमधून (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमधून) इको मोडवर, म्हणजे ६५ वॅटवर ठेवा. प्रोसेसर प्रत्यक्ष ओढू शकतो ती वीज १४२ वरून ८८ वॅटवर येते आणि रोजच्या कामात फरक जाणवतही नाही. ग्राफिक्स कार्डची पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणून बघा. गेमचे थोडे फ्रेम जातील, पंख्याचा आवाज त्याहून जास्त जाईल. इंटेल असेल तर बायोसमधल्या पीएल१ (सलग वापराची) आणि पीएल२ (थोड्या वेळापुरती) या दोन्ही वीजमर्यादा स्वतः घाला, मदरबोर्डने ठरवलेल्या चालू देऊ नका. पंख्याचा वेग वाढण्यातला विलंब तीन-चार सेकंद ठेवा. ब्राउझरची एक टॅब उघडली की पंखा वर-खाली होत राहणं हे मोठ्या आवाजापेक्षा जास्त छळतं.

झाकण अडवतंय का, हे ओळखायची खूण सोपी आहे. लोड चालू असताना बाजूचं झाकण काढा. तापमान पाच अंशांहून जास्त उतरलं, तर झाकण हवा अडवतंय. शिट्टीसारखा आवाज एकदम थांबला, तर पंखा झाकणाच्या जाळीला फार जवळ आहे. बुटका हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढणारा पात्यांचा ठोकळा) असेल तर पंखा आणि जाळी यांच्यामधली फट फोमच्या चौकटीने भोवतालून बंद करा, म्हणजे तो आतली गरम हवा न ओढता बाहेरची ताजी हवा ओढेल. फोमची योग्य जागा ही एवढीच.

आणि खोलीतला पाण्याचा कूलर. डेस्कसमोर कूलर लावून त्याचा झोत थेट पीसीच्या जाळीवर घेणं ही खास आपल्याकडची चूक आहे. ओली हवा इतकी वाईट नाही, पण झोताबरोबर बारीक थेंब येतात, आणि बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर हीटसिंकच्या पात्यांवर बसतो. त्या थरावर सिमेंट रस्त्यांच्या कामांची धूळ चिकटली की ब्रशने निघत नाही. कूलर असू द्या, पीसी त्याच्या झोतातून बाजूला घ्या. उन्हाळ्यात जाळ्या दर पंधरा दिवसांनी धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच लावा.

रायझर केबल आणि काळी स्क्रीन

ग्राफिक्स कार्ड उभं बसणाऱ्या कॅबिनेटमध्ये कार्ड आणि मदरबोर्डचा स्लॉट जोडणारी रायझर केबल असते. ती पीसीआयई (कार्ड आणि मदरबोर्डमधली जोडणी) ३.० ची आणि कार्ड ४.० चं असेल, तर स्क्रीन काळी राहते, किंवा विंडोज चालू होऊन गेममध्ये मशीन अचानक बंद होतं. लोक कार्ड गेलं समजून दुकान गाठतात. जुन्या कॅबिनेटमध्ये सगळं सुरळीत चालत असतानाच बायोसमध्ये त्या स्लॉटला जेन ३ (म्हणजे ३.०) करून ठेवा, मग हलवा. बायोस रीसेट केलं की हे सेटिंग उडतं आणि काळी स्क्रीन परत येते, हेही ध्यानात असू द्या.

थोडक्यात सांगण्यासारख्या

हीटसिंकची उंची विकत घेण्याआधी मोजा. १२० मिमी पंख्याचे टॉवर बहुधा १५५ ते १६० मिमी असतात, आणि अनेक छोट्या कॅबिनेटमध्ये ७० मिमीदेखील मिळत नाहीत. लिटर बघून कॅबिनेट घेऊ नका, आतली मोकळी मापं बघा.

एएम४ सॉकेटच्या रायझनवरचा हीटसिंक थंड असताना सरळ वर ओढला की प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी दहा मिनिटं मशीन चालवून दोन्हींमधली थर्मल पेस्ट मऊ करा, बंद करून प्लग काढा, मग हीटसिंक डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. पेस्ट दर वेळी नवी.

छोट्या कॅबिनेटचा आयटीएक्स मदरबोर्ड १७० गुणिले १७० मिमीचा असतो आणि बऱ्याच बोर्डांवर एसएसडीचा दुसरा एम.२ स्लॉट मागच्या बाजूला असतो. तो, हीटसिंकची मागची प्लेट आणि प्रोसेसरची ८ पिनची केबल बोर्ड आत बसण्याआधी किंवा बसता बसताच लावा. नंतर तिथे बोट जात नाही.

ग्राफिक्स कार्डच्या स्लॉटची खिट्टी दिसत नसेल तर आइस्क्रीमच्या काडीने दाबा. स्क्रू-ड्रायव्हर घसरला की बोर्डवर ओरखडा पडतो.

१६ पिनच्या ग्राफिक्स केबलला कनेक्टरपासून निदान ३५ मिमी सरळ जागा द्या. झाकण तिला दाबत असेल, तर ते कॅबिनेट त्या कार्डासाठी नाही.

कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर भिंतीतल्या प्लगला अर्थिंग नाही. एसएमपीएस बदलून ते जात नाही, वायरमन बोलवा.

हलवल्यावर डिस्प्ले नाही? मॉनिटरची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डला लागली आहे का, ८ पिनची प्रोसेसर केबल पूर्ण बसली आहे का, रॅम खट्‌ वाजली का, हे या क्रमाने पाहा.

झाकण शेवटी लावा, पण चाचणी झाकण लावूनच घ्या. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही एकदम लोडवर अर्धा तास, दुपारी तीनच्या सुमारास. डिसेंबरात कॅबिनेट बदललं असेल, तर हीच चाचणी नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पुन्हा एकदा घ्या.