तीन मेचा दिनविशेष गिरगाव चौपाटीवर कसा साजरा करावा

वर्तमानपत्रातील दिनविशेष वाचून आपण पान उलटतो; परंतु त्यातील एखादी तारीख ज्या जागी घडली, तिथे त्याच दिवशी जाऊन पाहावे असे वाटत असेल, तर मुंबईत गिरगाव चौपाटी आणि 3 मे ही जोडी निवडावी. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’, म्हणजे सहसा पहिला भारतीय कथापट मानला जाणारा चित्रपट, 3 मे 1913 रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफ येथे प्रदर्शित झाला, आणि तेथून चौपाटी पायी काही मिनिटांवर आहे.

निघण्यापूर्वी तारखा नीट पारखून घ्याव्यात, कारण दिनविशेषाच्या याद्या बहुधा एकमेकींवरूनच उतरवलेल्या असतात. याच चित्रपटाचा निमंत्रितांसाठीचा खेळ 21 एप्रिल रोजी ग्रँट रोडच्या ऑलिम्पिया थिएटरात झाला होता, त्यामुळे काही ठिकाणी तीच तारीख आढळते. दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ तर 18 मे 1912 रोजी, म्हणजे जवळजवळ वर्षभर आधी, याच कॉरोनेशनमध्ये दाखवला गेला होता. मात्र ते रंगमंचावरील नाटकाचे चित्रण होते आणि कॅमेरा चालवणारा इंग्रज होता, म्हणून पहिलेपणाचा मान सहसा फाळक्यांना दिला जातो. हा वाद मिटणारा नाही. सोबत्यांना दोन्ही तारखा सांगाव्यात आणि निवाडा त्यांच्यावर सोपवावा.

मे महिन्याचा उकाडा लक्षात घेता दुपारी चारच्या आधी निघू नये. पश्चिम रेल्वेच्या चर्नी रोड स्थानकावर उतरून प्रथम पूर्वेकडे, गिरगावात जावे. जगन्नाथ शंकरशेठ मार्गावरील मॅजेस्टिक शॉपिंग सेंटरपाशी थांबावे; येथेच पूर्वी मॅजेस्टिक सिनेमा होता आणि 14 मार्च 1931 रोजी अर्देशिर इराणी यांच्या ‘आलम आरा’ने पडद्याला वाचा दिली. त्या चित्रपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही आणि चित्रपटगृहही उरलेले नाही, तेव्हा डोळ्यांपेक्षा कल्पनेवरच भिस्त ठेवावी लागते. सँडहर्स्ट रोडवरील, म्हणजे आजच्या सरदार वल्लभभाई पटेल मार्गावरील, कॉरोनेशनचीही तीच गत आहे. पाहण्याजोगी उभी वास्तू हवी असेल त्यांनी रॉयल ऑपेरा हाऊसकडे वळावे. 1993 मध्ये बंद पडलेले हे नाट्यगृह दुरुस्तीनंतर 2016 मध्ये पुन्हा उघडले. आतून पाहायचे असल्यास त्या दिवशी कार्यक्रम आहे का, याची आधी चौकशी करावी.

सायंकाळी साडेसहाच्या सुमारास रेल्वेमार्ग ओलांडून वाळूवर यावे. या दिवसांत सूर्य सातच्या आसपास मावळतो. पाण्यात उतरण्याचा मोह टाळावा, भेळ मात्र टाळू नये.

अंधार पडल्यावर मरीन ड्राइव्हने दक्षिणेकडे चालत निघावे. नर्गिस यांचे निधन 3 मे 1981 रोजी झाले, आणि एके काळी त्या आई जद्दनबाईंसह याच रस्त्यावरील शातो मरीन या इमारतीत राहत असत. ती आजही राहती इमारत असल्याने फाटकाशी घोळका करू नये. समोरच्या समुद्राच्या कठड्यावर बसूनच तिच्याकडे पाहावे.