तोंड तेच, तरी ‘जुळत नाही’: कॅमेऱ्यासमोरच्या या चुका टाळा

कापसाच्या बोंडांनी आणि कोयत्याच्या मुठीनं बोटांवरच्या रेषा झिजल्या की अंगठ्याचं मशीन माणसाला ओळखत नाही. बीड जिल्ह्यात हे कुणाला सांगायला नको. त्यामुळे फोनच्या साध्या कॅमेऱ्यावर चेहरा दाखवून हयातीचा दाखला, पीएम किसान, रेशनची ई-केवायसी व्हायला लागली, तेव्हा वाटलं, धारूर घाटाखालच्या माझ्या सेवा केंद्रावरची निम्मी कटकट आता मिटली. कुठलं काय! अंगठ्यावरची कटकट तोंडावर आली, एवढंच.

परवा एक आजी चौथ्या खेपेला नापास झाल्या आणि वैतागून म्हणाल्या, “लेकरा, मपलं तोंड मपलं ऱ्हायलं न्हाई का आता?” तोंड त्यांचंच होतं. पण आजी दाराला पाठ करून बसल्या होत्या आणि मागं मार्चचं ऊन तापलं होतं. कॅमेऱ्याला दिसत होती नुसती काळी सावली.

सगळ्यात जास्त घोळ या उजेडाचाच. २०१७ साली आयफोनमध्ये आलेली फेस आयडी चेहऱ्यावर न दिसणाऱ्या किरणांचे हजारो ठिपके टाकते, त्यामुळे ती अंधारातही चालते. आपल्या फोनमध्ये तसलं काही नाही, फक्त सेल्फीचा कॅमेरा. तो मागच्या लख्ख उजेडाशी जुळवून घेतो आणि समोरचं तोंड काळवंडतं. म्हणून माणसाचं तोंड दाराकडे करा, पाठ भिंतीकडे. पत्र्याच्या शेडमध्ये डोक्यावरची ट्यूब लावली तर डोळ्यांच्या खोबणीत अंधार पडतो. लिंबाखाली बसवलं तर चेहऱ्यावर उन्हाचे कवडसे. सकाळी ओसरीत, अंगणाकडे तोंड करून बसवलं तर बहुतेक पहिल्याच खेपेला काम होतं. त्याआधी कॅमेऱ्याची काच पुसा. बंडीच्या खिशात तंबाखूच्या पुडीशेजारी राहिलेल्या फोनला सगळी दुनिया धुक्यातच दिसते.

आता डोळे. कॅमेऱ्याला दोन गोष्टी तपासायच्या असतात: हा माणूस तोच आहे का, आणि तो या घडीला जिवंत समोर बसलाय का. दुसरी गोष्ट पापण्यांच्या हालचालीवरून कळते, नाहीतर कुणीही भिंतीवरचा फोटो दाखवून पेन्शन चालू ठेवली असती. आपली माणसं मात्र फोटो स्टुडिओत बसल्यासारखी डोळे वटारून, श्वास रोखून बसतात. सांगितलं की मग डोळ्यात कुसळ गेल्यासारखी भराभर उघडझाप करतात. दोन्ही चूक. डोकं स्थिर ठेवून सावकाश एक-दोनदा पापण्या मिटायच्या, बस्स. चष्मा काढा, पदर केसांच्या मागं घ्या, पटका भुवयांच्या वर सरकवा. आणि आबा, गालातला तंबाखूचा बार आधी थुंकून या.

फोन धरणाराही चुकतो. नातू उभा, आजोबा खाली बसलेले, मग कॅमेऱ्यात नुसतं कपाळ येतं. फोन डोळ्यांच्या रेषेत धरा आणि मागून डोकावणाऱ्या पोरांना बाजूला करा. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर घाई नको, डॉक्टर काळा चष्मा काढू देतील तेव्हा या.

ऊसतोडीला गेलेल्या पोराचा व्हिडिओ कॉल लावून तो दुसऱ्या फोनला दाखवायचा प्रयोगही एकानं माझ्यासमोर केला. चालला नाही, चालायलाही नको. रेशनची ई-केवायसी तो पोरगा आपल्या फोनवर तिकडं कोपीतून करू शकतो. फक्त ओटीपी येईल तो आधारला जोडलेला नंबर त्याच्याजवळ हवा.

चेहरा तपासायला फोनमध्ये लागणाऱ्या ‘आधार फेस आरडी’ या अॅपची तर वेगळीच गंमत. ते टाकलं तरी स्क्रीनवर त्याचं चिन्ह दिसत नाही, ते मागं राहून काम करतं. लोकांना वाटतं टाकलंच गेलं नाही, आणि व्हॉट्सअॅपवर आलेली एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून अॅप टाकणारी फाइल, दाबून मोकळे होतात. हे अजिबात करू नका. पीएम किसानच्या नावानं फिरणाऱ्या असल्या फायलींनी लोकांची खाती रिकामी केली आहेत. अॅप प्ले स्टोअरवरूनच घ्या आणि आहे की नाही ते सेटिंग्जमधल्या अॅपच्या यादीत बघा.

हयातीच्या दाखल्याच्या अॅपमध्ये सुरुवातीला ऑपरेटरचा, म्हणजे अॅप चालवणाऱ्याचा, चेहरा लागतो, पेन्शनवाल्याचा नंतर. मुलगा ऑपरेटर म्हणून आपला आधार नंबर टाकतो आणि कॅमेरा धरतो वडिलांसमोर. मग कसं जुळणार?

त्रुटीचा नंबर आला तर तो वाचा. ३३० म्हणजे आधारचं बायोमेट्रिक (ठसे, डोळे, चेहरा) लॉक केलेलं आहे, आधी ते उघडा. ३०० म्हणजे जुळलं नाही. तो आला की लोक लगेच आधार केंद्राच्या रांगेत जाऊन उभे राहतात. आधी जागा आणि वेळ बदलून दोन-तीनदा बघा. तरीही नाही झालं तर फोटो अपडेट करा, आणि त्याला केंद्रावर जावंच लागतं. नवीन प्लास्टिकचं कार्ड मागवून काही होत नाही. तुलना होते ती आधारकडे साठवलेल्या फोटोशी, खिशातल्या कार्डाशी नाही. पाच वर्षांच्या आत आधार काढलेल्या लेकरांचं मात्र पाचव्या आणि पंधराव्या वर्षी बायोमेट्रिक अपडेट करावंच लागतं. दुपट्यातल्या बाळाच्या फोटोशी मिसरूड फुटलेलं पोरगं कसं जुळावं?

आणि हयातीच्या दाखल्यासाठी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्याची वाट बघू नका, तेव्हा सर्व्हर मुंगीच्या पावलानं चालतो. केंद्र सरकारच्या पेन्शनवाल्यांपैकी ज्यांनी ऐंशी पार केली, त्यांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. त्या दिवसांत अख्खं गाव सोयाबीनच्या काढणीला शिवारात असतं आणि माझी ओसरी रिकामी.