ड्रेस्डेन सोडताना: निरोपाची तयारी

मास्टर्स संपत आलं की सगळे आधी विमानाचं तिकीट बघायला लागतात. त्याआधी घराची नोटीस द्या. जर्मनीत भाड्याच्या घराला सहसा तीन महिन्यांची नोटीस लागते, आणि ती महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत घरमालकाच्या हातात पडली तरच तो महिना धरतात. ईमेल चालत नाही, कागदावर सही करून द्यायची. वसतिगृहात असाल तर मुदत करारात पाहा. कागदांचं आधी सांगतेय, कारण ते वेळेत उरकले तरच शेवटचा आठवडा माणसांसाठी मोकळा मिळतो, आणि माझ्या मते खरा निरोप माणसांचाच घ्यायचा असतो.

आबमेल्डुंग, म्हणजे तिथल्या पत्त्याची सरकारी नोंद रद्द करणं, घर सोडण्याच्या फार तर एक आठवडा आधी करता येतं आणि सोडल्यावर दोन आठवड्यांच्या आत करावंच लागतं. त्याचा दाखला स्कॅन करून ठेवा. रेडिओ-टीव्हीची महिना १८.३६ युरोची वर्गणी बंद करायला तोच लागतो, पुढे विमा आणि फोनच्या कामालाही येतो. बँकेचं खातं मात्र लगेच बंद करू नका. घराचं डिपॉझिट परत यायला कधी कधी महिने जातात. भिंतीतली खिळ्यांची भोकं बुजवा, चाव्या देताना घरमालकाबरोबर प्रत्येक खोली फिरा, मीटरचे आकडे लिहा, दोघांच्या सह्या घ्या आणि त्या कागदाचा फोटो तिथेच काढा.

कुकर, पोळपाट-लाटणं, मिसळणाचा डबा परत आणायचा नाही. ऑक्टोबरात नवीन सेमिस्टरची मुलं येतात, त्यांच्यासाठी ठेवा. माझा कुकर मला नाशिकच्या एका सिनियर ताईकडून मिळाला होता. सांगलीच्या मुलाला तो देताना जास्तीची रिंग दिली, आणि आमच्या विजेच्या शेगडीवर कोणत्या आकड्यावर तुरीच्या डाळीला किती शिट्ट्या लागतात ते चिकटपट्टीवर लिहून झाकणाला लावलं. पहिल्या थंडीत एकट्याने वरण-भात लावणाऱ्या पोराला याचा किती आधार होतो, हे तिथे राहिलेल्यालाच कळतं.

आता माणसं. आपल्यासारखं ‘जाता जाता डोकावते’ तिथे चालत नाही. दोन-तीन आठवडे आधी तारीख आणि वेळ ठरवा. रविवारी दुकानं बंद असतात, लोक घरी असतात, म्हणून दुपारची कॉफी उत्तम. मी शिरा करायचे: रवा तिथे कुठल्याही सुपरमार्केटात मिळतो, तूप घरी कढवता येतं, आणि तिखट न खाणाराही दुसऱ्यांदा मागून घेतो. शेजारच्या आजींनी बदल्यात आयरशेके आणला होता, खाली पीठ, मध्ये क्वार्क (चक्क्यासारखं मऊ चीज), वर अंड्याचा मऊ थर असलेला ड्रेस्डेनचा केक.

त्या आजींमुळेच एक गोष्ट आवर्जून सांगते. शहराचा निरोप घ्यायला एकट्याने हिंडू नका, तिथे म्हातारं झालेल्या माणसाला सोबत घ्या. फ्राउएनकिर्शेपुढून मी कितीदा गेले असेन. १९४५च्या बॉम्बहल्ल्यात ते चर्च कोसळलं आणि २००५ साली पुन्हा उभं राहिलं, एवढं मला माहीत होतं. आजींनी हात धरून भिंतीजवळ नेलं आणि काळे दगड दाखवले. ते जुन्या चर्चचे, ढिगाऱ्यातून वेचून परत बसवलेले. फिकट ते नवे. त्यांच्या तरुणपणी तिथे नुसता ढिगारा होता. त्यानंतर आम्ही ब्र्युलच्या टेरेसवरून, म्हणजे एल्बे नदीकाठच्या उंच फिरायच्या वाटेवरून, हळूहळू चालत गेलो आणि मी त्यांना पोटभर प्रश्न विचारले. शेवटच्या आठवड्यात न पाहिलेली ठिकाणं उरकत बसण्यापेक्षा अशी एक दुपार मला कितीतरी मोलाची वाटते.

प्राध्यापक, लायब्ररीच्या काउंटरवरच्या बाई, रोजची बेकरी, यांना तोंडाने ‘डांके’, म्हणजे धन्यवाद, म्हणाच, पण जर्मनमध्ये चार ओळींचं कार्डही द्या. व्याकरण चुकलं तरी चालेल, हाताने लिहिलेलं हवं. कार्डाच्या मागे तुमचा घरचा पत्ता पिन कोडसकट लिहा आणि सगळ्यात खालच्या ओळीत मोठ्या अक्षरांत देशाचं नाव घाला. आजींची पिढी अजून पत्रं लिहिते.