पावसाळ्याआधी अंगणातली फळझाडं अशी तपासा

मुंबईत अंगण उरलंय ते गावठाणांत, जुन्या बंगल्यांत आणि सोसायटीच्या मागच्या पट्ट्यात. तिथल्या आंब्या-लिंबाची पानं काळी पडली की आधी औषधाची बाटली येते. बाटली राहू द्या, पान हातात घ्या.

१. पान बघा. आंब्याच्या पानावर काजळीसारखा थर दिसला तर ओलं बोट फिरवा. काळं बोटाला लागलं आणि खाली हिरवंगार पान दिसलं, तर ती कोळशी. तुडतुडे आणि पिठ्या ढेकूण रस शोषताना चिकट, गोड स्राव टाकतात, त्यावर ही बुरशी वाढते. म्हणजे इलाज बुरशीवर नाही, किडीवर करायचा. लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण घालून संध्याकाळी फवारा. पुसला न जाणारा काळपट-तपकिरी डाग, मध्ये वाळून भोक पडलेलं, हा बहुधा करपा. मोहरावर पांढरं पीठ म्हणजे भुरी.

लिंबाच्या पानाफळांवर पिवळ्या कडेचे, हाताला खरखरीत लागणारे फोड म्हणजे खैऱ्या. पपईची पानं आक्रसली आणि फळावर गोल चट्टे उठले, तर तो विषाणू. त्याला औषध नाही आणि मावा तो शेजारच्या पपईवर नेतो. जीव तुटतो, पण झाड उपटाच.

२. सफाई करा. मे महिन्यात सुक्या, रोगट फांद्या काढा. एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना कात्री स्पिरिटने पुसा. रोगट पाला खताच्या खड्ड्यात टाकू नका. मोठ्या फांद्या तोडायच्या तर आधी वॉर्ड ऑफिसच्या उद्यान खात्याची परवानगी घ्या. १९७५ च्या वृक्ष कायद्याने ती लागते.

३. बोर्डो मिश्रण. करपा आणि खैऱ्यासाठी हे जुनं औषध मला अजूनही सगळ्यात भरवशाचं वाटतं. लिटरभर मिश्रणासाठी १० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्धा लिटर पाण्यात विरघळवा. १० ग्रॅम कळीचा चुना उरलेल्या अर्ध्या लिटरमध्ये भिजवून गाळा. दोन्ही एकदम तिसऱ्या बादलीत ओता. बादल्या प्लास्टिकच्याच हव्यात. मग लोखंडी सुरी मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, चुन्याचं गाळलेलं पाणी आणखी घाला. तसंच फवारलं तर पानं करपतील. झाड मोठं असेल तर याच हिशोबाने जास्त करा आणि त्याच दिवशी वापरून टाका. हातमोजे, मास्क घाला, खालच्या मजल्यावरचे वाळत घातलेले कपडे आधी काढायला सांगा. फुललेल्या मोहरावर मात्र फवारू नका.

पहिली फवारणी पावसाच्या तोंडावर, दुसरी पावसाने उघडीप दिली की, पानं कोरडी असताना.

४. बुंधा मोकळा करा. सोसायट्यांत लादी थेट खोडाला भिडवतात. पाणी खोडाशी तुंबलं की मुळं कुजतात आणि फवारणी वाया जाते. जून लागायच्या आत निदान हातभर लादी काढून घ्या.