३० सप्टेंबरला जुन्या गावाचा नकाशा काढा

१९९३ च्या भूकंपात गेलेल्यांसाठी दरवर्षी ३० सप्टेंबरला हार घालतात, भाषणं होतात, दोन मिनिटं उभं राहतात अन् दहाच्या आत सगळं उरकतं. ते करा, त्याला ना नाही. पण लातूर-धाराशिवकडच्या किल्लारी, सास्तूर पट्ट्यातल्या आपल्या गावांत हा दिवस पाळायचा तर जुन्या गावाचा नकाशा काढायलाच पाहिजे असं माझं मत आहे, कारण १९९३ ला तिशीत असलेली माणसं आता साठीच्या पुढं गेलीत अन् कोणत्या गल्लीत कुणाचं घर होतं हे आता त्यांच्याच डोक्यात उरलंय. पुनर्वसनात घरं जमिनीच्या हिशोबानं मिळाली, कमी जमीनवाल्याला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, मोठ्याला ७५०, त्यामुळं ज्यांची भिंतीला भिंत होती ते नव्या गावात दोन टोकाला गेले. पोरांना नवं गाव हेच गाव वाटतं, त्यांचा काय दोष.

पोळा झाला की कामाला लागा. चार मोठे कार्डशीट जोडायचे, पेन्सिल अन् खोडरबर घ्यायचं, पेन नको. सुरुवात घरापासून करू नका, देऊळ, वेस, आड, पार एवढं आधी मांडा, मग म्हातारी माणसं आपोआप गल्लीत शिरतात. दोघांचं एकमत झालं की मगच पेनानं गिरवायचं. प्रत्येक चौकोनात घरमालकाचं नाव अन् त्या रात्री आत कोण कोण होतं ते लिहायचं.

बायकांना वेगळं बसवून विचारा, हे सगळ्यात महत्त्वाचं. गडीमाणसं मालकाचं नाव सांगतात, पण सणाला माहेरी आलेली लेक, तिचं तान्हं लेकरू, वस्तीला आलेला पाहुणा हे बायकांनाच आठवतं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बुडवून लोक उशिरा झोपले होते अन् पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी गाव गेलं. आमची आजी तर तारीख धरतच नाही, ती चतुर्दशीलाच दिवा लावते, म्हणून तुमच्याकडंही कुणी तिथी पाळत असेल तर त्यांना तारखेची सक्ती करू नका.

"तेव्हा कसं वाटलं" हे चुकूनसुद्धा विचारायचं नाही. घर किती खणाचं होतं, ढाळज (दारातली बसायची जागा) होती का, बळद (धान्य साठवायची जागा) कुठं होतं, चूल कोणत्या अंगाला, असं विचारा. गेल्या खेपेला एक आजी कागदावर बोट फिरवत फिरवत आली अन् एका जागी थांबून "इथं उंबरा" एवढंच म्हणाली, बोट काही उचललं नाही. आम्ही पण काही बोललो नाही, चहा गार झाला तरी तसंच बसलो. अशा वेळी मोबाईल खिशात ठेवायचा, रेकॉर्डिंग करायचंच असेल तर आधी विचारून, आवाजाचं, व्हिडिओ नको.

पहाटे भोंगा, फटाका काही वाजवू नका, अजून दचकणारी माणसं आहेत गावात. पावणेचारला देवळापुढं जमा, नकाशा सतरंजीवर पसरा, अन् गल्लीच्या क्रमानं एकेक घर घेऊन नावं वाचा, माईक नको. ज्या घरात कुणी उरलंय त्यानं आपल्या घराची वाचावी, जिथं कुणीच नाही ती शेजारच्यांनी. ५२ गावं भुईसपाट झाली, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली हे पोरं पुस्तकात वाचतात, पण गल्ली ऐकली की त्यांना कळतं.

उजाडलं की पोरांना घरं का पडली तेही सांगा. दोन दोन तीन तीन फुटांच्या दगडमातीच्या भिंती, दगडात दगड बांधलेला नाही, वर माळवद म्हणजे मातीचं सपाट छत अन् त्यावर वर्षानुवर्षं टाकलेली माती, हललं तशी भिंत फुगली अन् सगळा भार झोपलेल्या माणसांवर. मग त्यांनाच घेऊन गावात एक फेरी मारा, नव्या घराला मागून जोडलेल्या खोल्या बघा, दाराखिडकीच्या वर भिंती धरून ठेवणारा सलग सिमेंटचा पट्टा आहे का, नसेल तर घरधन्याला तिथंच सांगा, वाईट वाटलं तरी चालेल.

काही चौकोन रिकामेच राहतात, कुणालाच आठवत नाही तिथं कोण होतं. ते खोडू नका अन् अंदाजानं भरू पण नका. नकाशा शाळेत किंवा ग्रामपंचायतीत काचेत लावा, शेजारी दोरीला पेन्सिल बांधून ठेवा, आमच्याकडं एक चौकोन असाच पुण्याहून लग्नाला आलेल्या पाहुण्यानं भरला, त्याच्या आत्याचं घर होतं ते.