देवरहाटीसाठी मुलांच्या हातची रोपे

गावच्या देवरहाटीत (देवासाठी राखलेल्या रानात) मोकळी पडलेली जागा भरायची असेल, तर मुलांच्या हाती तयार रोपे न देता त्यांना बियांपासूनच कामाला लावावे. मानकऱ्यांची परवानगी अर्थात आधी घ्यावी. मे महिन्यात सोलांसाठी (आमसुलांसाठी) घरोघरी रातांबे (कोकमाची फळे) फोडले जातात, तेव्हा गराला मीठ लागण्याआधीच मूठभर बिया बाजूला काढून, धुऊन, सावलीत निथळवून मुलांनी त्या लगेच पिशव्यांत लावाव्यात, कारण कोकमाचे बी फार सुकले की रुजत नाही. उंडी या झाडाचे बी लावायचे असेल, तर त्याचे कवच आधी हलकेच फोडावे. (हातोडीपाशी मोठे माणूस हवेच.) रोपे पुढच्या वर्षी, जूनचा पाऊस स्थिरावल्यावर लावावीत. कोकमात नर-मादी झाडे वेगळी असतात आणि फुलोरा येईपर्यंत ती ओळखू येत नाहीत, म्हणून प्रत्येक गटाकडे पाच-सहा रोपे सोपवावीत.