नार्कोलेप्सी असणाऱ्यांनी सोबतीचा गट कसा शोधावा आणि कसा चालवावा

वर्गात, कचेरीत किंवा जेवता जेवता ज्याला डुलकी लागते त्याला आपल्याकडे आळशी म्हणतात, फार तर कुंभकर्ण म्हणतात. नार्कोलेप्सी, म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याचा मेंदूचा आजार, असलेल्या बहुतेकांनी निदान होण्याआधी अनेक वर्षे हेच शब्द ऐकलेले असतात. हा आजार बहुधा ऐन शाळा-कॉलेजच्या वयात सुरू होतो आणि पहिल्या लक्षणापासून निदान हाती येईपर्यंत आठ-दहा वर्षे जाणे जगभर आढळते. एवढ्या काळात माणसाचा स्वतःवरचा विश्वास डळमळतो, आणि तो परत मिळवण्यासाठी औषधांच्या जोडीला असा दुसरा माणूस लागतो, ज्याच्यापुढे काही सिद्ध करून दाखवावे लागत नाही.

गट शोधण्यापूर्वी निदान पक्के करून घ्यावे. त्यासाठी रात्रभराची निद्रा-चाचणी होते आणि दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी वीस मिनिटे झोपण्याची संधी देऊन झोप किती लवकर लागते ते मोजले जाते. मेंदूला जागे ठेवणाऱ्या ओरेक्सिन या द्रव्याचा शोध 1998 मध्ये लागला, आणि हसताना अंगातले बळ जाणाऱ्या रुग्णांच्या मेंदूत ते तयार करणाऱ्या पेशीच नष्ट झालेल्या असतात, हे 2000 मध्ये दिसून आले. ही माहिती तोंडपाठ ठेवावी असे माझे मत आहे, कारण ‘मनावर घेतलेस तर जमेल’ म्हणणाऱ्या नातेवाइकाला दुसरे उत्तर पुरत नाही.

साधारण दोन हजारांत एकाला हा आजार असतो असे मानतात. म्हणजे पन्नास हजार वस्तीच्या गावात पंचवीस जण असू शकतील, पण त्यांतल्या अनेकांना आपल्याला काय झाले आहे हेच ठाऊक नसते. त्यामुळे सर्वांत खात्रीचा रस्ता आपल्या डॉक्टरांकडून जातो. मेंदूविकारतज्ज्ञांकडे किंवा जिथे निद्रा-चाचणी झाली तिथे आपले नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी द्यावी आणि ‘असा दुसरा रुग्ण आला आणि त्याची इच्छा असली, तर ही त्याला द्या’ अशी विनंती करावी. दुसऱ्याचा नंबर मात्र मागू नये. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये रुग्णांच्या संघटना 1980 च्या दशकापासून काम करत आहेत आणि 22 सप्टेंबर हा जागतिक नार्कोलेप्सी दिन म्हणून पाळला जातो, तेव्हा परदेशी राहणाऱ्या मराठी माणसाला तिथला गट शोधणे त्या मानाने सोपे जाते. इथे राहणाऱ्यांनी पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळाकडे किंवा कोड असलेल्यांसाठी काम करणाऱ्या श्वेता असोसिएशनकडे नमुना म्हणून पाहावे. स्वमदत गट ही आपल्याकडे रुजलेली गोष्ट आहे. दोन माणसे भेटली तरी आरंभ झाला असे समजावे.

भेट मात्र या आजाराला सोसेल अशी ठरवावी. दुपारच्या जेवणानंतरची वेळ टाळावी. सकाळची किंवा ठरलेली डुलकी घेऊन झाल्यानंतरची वेळ बरी. तासाभराच्या वर बैठक लांबवू नये, आणि मध्येच कोणाला झोप लागली तर त्याला न उठवता पुढे बोलत राहावे, हा नियम पहिल्याच दिवशी मोठ्याने सांगावा. ज्याने आयुष्यभर झोपेबद्दल माफी मागितली आहे, त्याला माफीविना झोपू देणे हा फार मोठा दिलासा असतो. झोप आवरत नसेल तर दुचाकी चालवत येऊ नये; सोबत कोणाला तरी आणावे.

बैठक शक्यतो सतरंजीवर घ्यावी, आणि त्याचे कारण आहे. अनेकांना खळखळून हसले की गुडघे लुळे पडतात, मान लटकते, हातातले भांडे गळून पडते; शुद्ध मात्र पूर्ण असते. लोकांना ती फिट वाटते, कोणी कांदा हुंगवायला धावतो, आणि त्या माणसाला सगळे ऐकू येत असूनही बोलता येत नाही. असे चार वेळा झाले की माणूस हसणेच टाळू लागतो, लग्नकार्याला जाणे सोडतो. जमिनीवर बसलेल्या, सारे जाणणाऱ्या माणसांत त्याला पडण्याची भीती न बाळगता हसता येते. झोपेतून जाग येताना अंग हलत नाही आणि खोलीत कोणी उभे असल्याचा भास होतो, हेही इथेच बोलावे. घरी हे सांगितल्यावर ज्यांना बाहेरची बाधा म्हणून अंगारा लावला गेला, त्यांना शेजारचा माणूस ‘मलाही तसेच दिसते’ म्हणाला की मनावरचे ओझे उतरते.

औषधांविषयी अनुभव सांगावेत, सल्ला देऊ नये. जागे राहण्यासाठी दिल्या जाणाऱ्या मोडाफिनिल या औषधामुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होऊ शकतो, आणि स्नायू लुळे पडू नयेत म्हणून घेत असलेली काही औषधे एकदम थांबवल्यास तो त्रास उसळून येतो. म्हणून दुसऱ्याची मात्रा पाहून आपली बदलणे धोक्याचे आहे. कायमचा इलाज विकणाऱ्याला गटात जागा देऊ नये. नोकरी आणि लग्न या दोन्ही बाबतींत बोलणे बाहेर गेले तर नुकसान होते, तेव्हा इथले बोलणे इथेच राहील असे प्रत्येकाकडून आधी कबूल करून घ्यावे.

दर काही बैठकांनंतर आई-वडील, पती किंवा पत्नी यांनाही बोलवावे, पण प्रत्येक वेळी नको. घरच्यांसमोर तक्रार मोकळेपणाने निघत नाही.

गटातला कोणी लागोपाठ दोनदा आला नाही, तर फोन कोणी करायचा हे आधीच ठरवून ठेवावे. बहुतेक वेळा तो झोपलेला असेल आणि फोन आल्याने त्याला बरेच वाटेल. या आजारासोबत नैराश्यही वारंवार येते; बोलण्यातून तसे जाणवले तर फोन न ठेवता घरच्यांना कळवावे, डॉक्टरांकडे नेण्याची व्यवस्था करावी आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक त्याला लिहून घ्यायला सांगावा.